‘होतंच असं’ म्हणण्याआधी

शिंक आली, जोरात हसू फुटलं, पाण्याची कळशी उचलली किंवा धावत जाऊन बस पकडली की थोडीशी लघवी सुटते. काहींचा त्रास वेगळा असतो. त्यांना अचानक अशी घाई होते की दाराचं कुलूप उघडेपर्यंत धीर निघत नाही आणि संडासापर्यंत पोचण्याआधीच कपडे ओले होतात. असा त्रास असलेल्या बायका सहसा डॉक्टरकडे जात नाहीत. त्या आपला दिवस त्रासाच्या बेताने आखून घेतात. एसटीचा लांबचा प्रवास असेल तर सकाळपासून पाणी तोंडाला लावत नाहीत, लग्नकार्यात गडद रंगाची साडी नेसतात, पर्समध्ये जास्तीचा पॅड ठेवतात, कार्यक्रमात दाराजवळची खुर्ची धरतात. इतकी तजवीज करणाऱ्या बाईला आपल्या त्रासाची जाणीव नाही, असं म्हणता येणार नाही. जाणीव पुरेपूर असते. शिवाय त्रासाचं कारणही तिने स्वतःला सांगून ठेवलेलं असतं: बाळंतपणं झाली, वय झालं, आता होतंच असं. या विषयातली खरी अडचण हे तयार उत्तरच आहे. ज्याला काही ठाऊक नाही तो विचारायला जातो. ज्याला उत्तर मिळालं आहे असं वाटतं, तो विचारतच नाही. म्हणून ‘लाजू नका, बोला’ एवढंच सांगणारी जागृती अपुरी पडते. जे सर्रास दिसतं ते स्वाभाविक असतंच असं नाही आणि या त्रासावर बहुतेकींना करण्यासारखं बरंच काही आहे, हे आधी पटावं लागतं.

सर्रास म्हणजे किती, ते पाहू. नॉर्वेमध्ये १९९५ ते १९९७ या काळात जवळजवळ २८ हजार स्त्रियांची पाहणी झाली. त्यात चौघींपैकी एकीला कमी-अधिक प्रमाणात लघवीवर ताबा न राहण्याचा त्रास होता. आपल्याकडे लखनौमध्ये रुग्णालयात केलेली ३ हजार स्त्रियांची पाहणी २०१३ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात हे प्रमाण सुमारे २२ टक्के निघालं. दोन्ही पाहण्यांची पद्धत वेगळी आणि स्त्रियाही वेगळ्या, त्यामुळे आकडे शेजारी ठेवून तुलना करणं बरोबर नाही. तरी एवढं नक्की, की हा मूठभर म्हाताऱ्या बायकांचा प्रश्न नव्हे. मोजणीचा निकषही काळानुसार बदलला आहे. लघवी सुटते हे तपासणीत दिसलं पाहिजे आणि त्यामुळे स्वच्छतेची किंवा चारचौघांत वावरण्याची अडचण झाली पाहिजे, अशी अट आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ संघटनेच्या जुन्या व्याख्येत होती. २००२ साली ती काढून टाकली गेली. ‘आपल्या इच्छेविरुद्ध लघवी सुटते’ अशी रुग्णाची तक्रार असली, की तेवढं पुरे. बाईचा शब्द हाच पहिला पुरावा, असं वैद्यकाने मान्य केलं. पण तो शब्द तिने उच्चारल्यावरच या मान्यतेचा उपयोग.

तो का उच्चारला जात नाही, याचं नेहमीचं उत्तर म्हणजे लाज. लाज असतेच, पण तिने सगळ्याचा उलगडा होत नाही. पाळीबद्दल, मूल होत नसल्याबद्दल, अंगावरून पांढरं जाण्याबद्दल बायका लाजत लाजत का होईना, डॉक्टरांशी बोलतात. उपाय आहे असं वाटलं की लाज बाजूला सारता येते. इथे तोच भरवसा नसतो. याला आधार देणारा एक अभ्यास अमेरिकेत २०१४ साली प्रसिद्ध झाला. संशोधकांनी ४३१ स्त्रियांना ठरावीक प्रश्नावली देऊन लघवीच्या या त्रासाबद्दल काय ठाऊक आहे ते तपासलं, तेव्हा सुमारे ७१ टक्के स्त्रियांचं ज्ञान अपुरं ठरलं. बाळंतपणाचा या त्रासाशी संबंध असतो आणि व्यायामाने तो आटोक्यात येऊ शकतो, या दोन गोष्टी ठाऊक असण्याचं प्रमाण कृष्णवर्णीय स्त्रियांमध्ये आणखी कमी होतं. मोठ्या माणसांच्या डायपरच्या जाहिराती टीव्हीवर वर्षानुवर्षं दिसणाऱ्या देशातली ही स्थिती. विषय उघडा झाला, दुकानात सामान मिळू लागलं, तरी समज आपोआप वाढत नाही. जाहिरातीतून मिळणारा संदेश ‘ओलं झालं तर टिपून घ्या’ असा असतो. ‘ओलं का होतं’ हा प्रश्न तिथे निघत नाही.

तो प्रश्न कळायला शरीराची थोडी रचना पाहावी लागते. मूत्राशय म्हणजे स्नायूंची पिशवी. तिच्यात साधारण ४०० ते ५०० मिलिलिटर लघवी मावते आणि दीड-दोनशे मिलिलिटरला पहिली चाहूल लागते. पिशवी भरत असताना तिचा स्नायू सैल राहतो आणि बाहेर जाणारी वाट घट्ट मिटलेली असते. बायकांमध्ये ही वाट जेमतेम ४ सेंटिमीटर लांब असते. तिला खालून आधार देतात ते ओटीपोटाच्या तळाचे स्नायू. पुढच्या हाडापासून माकडहाडापर्यंत झोळीसारखे ताणलेले हे स्नायू मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय तोलून धरतात. खोकताना किंवा वजन उचलताना पोटातला दाब एकदम वाढतो. तेव्हा खालचा आधार भक्कम असेल तर मूत्रमार्ग त्यावर दाबला जाऊन बंद राहतो. आधार ढिला असेल तर थेंब सुटतात. हा झाला दाबामुळे होणारा प्रकार. दुसऱ्या प्रकारात पिशवी पुरती भरण्याआधीच तिचा स्नायू आकुंचन पावतो आणि अनावर घाई होते. अनेकींना दोन्हींचं मिश्रण असतं. याखेरीज जुन्या मधुमेहासारख्या कारणाने मज्जातंतू क्षीण झाले, तर पिशवी कधी पुरती रिकामीच होत नाही आणि भरून वाहत राहते. अडलेल्या बाळंतपणात इजा होऊन मूत्राशय आणि योनी यांच्यात छिद्र पडलं, तर अहोरात्र लघवी गळते. वरून सगळ्यांची तक्रार एकच, ‘लघवी राहत नाही’. आतली कारणं मात्र वेगळी आणि म्हणून उपचारही वेगळे. छिद्र व्यायामाने बुजत नाही, त्याला बहुतेक वेळा शस्त्रक्रियाच लागते. आणि घाईच्या त्रासावर दाबाच्या त्रासाची शस्त्रक्रिया करून भागत नाही. ‘होतंच असं’ या उत्तराचं मोठं नुकसान हेच, की ते या सगळ्या बायकांना एका रांगेत बसवतं.

मग बाळंतपणाचा काहीच संबंध नाही का? आहे, आणि तो नाकारण्याचं कारण नाही. नॉर्वेतल्याच पाहणीतल्या १५ हजारांहून अधिक स्त्रियांची माहिती तपासून २००३ साली एक निष्कर्ष मांडला गेला. मूल न झालेल्यांमध्ये हा त्रास सुमारे १० टक्के, फक्त सिझेरियन झालेल्यांमध्ये सुमारे १६ टक्के आणि फक्त नैसर्गिक बाळंतपण झालेल्यांमध्ये २१ टक्के. हे आकडे दोन्ही बाजूंनी वाचले पाहिजेत. बाळंतपणाने धोका वाढतो, हे खरं. पण नैसर्गिक बाळंतपण झालेल्या बहुसंख्य स्त्रियांना हा त्रास नाही, सिझेरियनने तो पुरता टळत नाही आणि मूल न झालेल्या दहांपैकी एकीला तो आहे, हेही तितकंच खरं. स्वीडनमधला २००२ सालचा एक लहानसा अभ्यास या समजाला आणखी धक्का देतो. उच्च पातळीवर ट्रॅम्पोलिनवर उड्या मारणाऱ्या ३५ खेळाडू मुलींपैकी २८ जणींना सरावात लघवी सुटण्याचा अनुभव होता. वय १२ ते २२, एकीचंही बाळंतपण झालेलं नाही. तेव्हा वय आणि बाळंतपण ही कारणांच्या यादीतली दोन नावं आहेत, अख्खी यादी नव्हे. वाढलेलं वजन, जुना खोकला, कायमचा बद्धकोष्ठ, वारंवार जड ओझी उचलणं आणि पाळी गेल्यानंतर इस्ट्रोजेन घटल्याने तिथल्या ऊतींमध्ये होणारे बदल, हे सगळं या यादीत येतं. आणि यातलं बरंचसं बदलता येतं.

उपचारांचा पुरावा तर समजापेक्षा कितीतरी भक्कम आहे. अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगल यांनी १९४८ साली ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम मांडले. आज ते त्यांच्याच नावाने ओळखले जातात. २०१८ साली कॉक्रेन या संस्थेने ३१ चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला. दाबाचा प्रकार असलेल्या आणि हे व्यायाम करणाऱ्या स्त्रियांपैकी ५६ टक्के स्त्रियांनी ‘बरी झाले’ असं सांगितलं. ज्यांना हा उपचार दिला नव्हता त्यांच्यात हे प्रमाण ६ टक्के होतं. वजनाबद्दलही चांगला पुरावा आहे. वजन जास्त असलेल्या ३३८ स्त्रियांच्या एका अमेरिकी चाचणीत सहा महिन्यांत सरासरी ८ टक्के वजन उतरवलेल्या गटात लघवी सुटण्याचे प्रसंग ४७ टक्क्यांनी घटले. नुसती माहिती दिलेल्या गटात ते २८ टक्क्यांनी घटले. घाईच्या प्रकारात मूत्राशयाला सवय लावतात: तासाभराने जावं लागत असेल तर आधी सव्वा तास, मग दीड तास, असं अंतर निदान सहा आठवडे हळूहळू वाढवत न्यायचं. त्याने भागलं नाही तर गोळ्या आहेत. त्यातल्या काही गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं, शौचाला खडा होतो आणि वयस्कर बाईच्या स्मरणशक्तीचा विचार करून त्या जपून द्याव्या लागतात. पाळी गेल्यानंतर योनीत लावायचं इस्ट्रोजेनचं मलम काहींना उपयोगी पडतं. शस्त्रक्रिया या सगळ्यानंतर येते.

निदानाची पहिली पायरीही घरात जमण्यासारखी आहे. साध्या वहीचं एक पान घ्यायचं आणि चार रकाने आखायचे: वेळ, काय आणि किती प्यायलं, किती लघवी झाली, सुटली असेल तर त्या क्षणी काय चाललं होतं. लघवी मोजायला खुणा असलेला प्लास्टिकचा एखादा जुना मग चालतो. तीन दिवसांच्या नोंदी झाल्या की पान बोलू लागतं. ‘सकाळी सात, चहा दोन कप, साडेसात, घाई, वाटेतच सुटली’ अशा ओळी पुन्हा पुन्हा आल्या, तर संशय एका प्रकाराचा. ‘बादली उचलली, थेंब’, ‘खोकला, थेंब’ अशा ओळी आल्या, तर दुसऱ्याचा. दर वेळी मगात शंभरच मिलिलिटर दिसत असेल, तर ती बाई पिशवी भरूच देत नाही असं कळतं. हे पान घेऊन गेलेल्या रुग्णाशी डॉक्टरांचं बोलणं नेमकं होतं. लघवीतून रक्त जाणं, जळजळ आणि ताप, लघवी अडकणं, योनीमार्गातून काही खाली उतरल्यासारखं वाटणं, म्हणजे बायका ज्याला ‘अंग बाहेर येणं’ म्हणतात ते, असं काही असेल तर मात्र वही भरत न बसता तडक दाखवावं. पाय अचानक लुळे पडणं किंवा जांघेत बधिरपणा येणं ही तर तातडीची लक्षणं आहेत.

चुकीचं उत्तर नुसतं स्वस्थ बसवत नाही, चुकीचे उपायही करायला लावतं. सर्वांत प्रचलित उपाय म्हणजे पाणी तोडणं. पाणी कमी प्यायल्याने लघवी दाट होते आणि दाट लघवी मूत्राशयाला चेतवते. बद्धकोष्ठ वाढतो, कुंथावं लागतं आणि तळाच्या स्नायूंवर आणखी ताण पडतो. मूत्रमार्गाच्या संसर्गाचा धोका वाढतो तो वेगळाच. दुसरा उपाय म्हणजे घराबाहेर पडताना, बसमध्ये चढताना, उगाच ‘एकदा जाऊन येते’ म्हणणं. रोजची सवय झाली की थोड्याशा लघवीलाही मूत्राशय हाक देऊ लागतं. अर्थात पाणी तोडण्याचं खापर फक्त बायकांच्या गैरसमजावर फोडणं अन्यायाचं होईल. बाजारपेठेत, एसटी स्टँडवर, शेतात जायला धड जागा नसेल तर तहान मारणं हाच व्यवहार ठरतो. पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांकडून पैसे, या भेदाविरुद्ध मुंबईत २०११ साली ‘राइट टू पी’ ही मोहीम उभी राहिली ती याच अनुभवातून. आरोग्यशिक्षण आणि स्वच्छतागृह या दोन खात्यांच्या गोष्टी वाटल्या, तरी बाईच्या मूत्राशयाला ते खातेवाटप ठाऊक नसतं.

यावर काही आक्षेप येतात आणि ते टाकाऊ नाहीत. पहिला असा, की साध्या गोष्टीला आजार म्हणून बायकांना रुग्ण बनवायचं आणि पॅड-औषधांच्या कंपन्यांचं दुकान चालवायचं, हा नवा धंदा आहे. ही भीती रास्त आहे. पण बाजाराचा फायदा कशात आहे ते पाहावं. कारण न शोधता रोज पॅड वापरणारी बाई कायमची गिऱ्हाईक असते; व्यायामाने बरी झालेली बाई गिऱ्हाईक राहत नाही. आणि सगळ्याच बायकांवर उपचार करावेत असं कोणी म्हणत नाही. वर्षातून एखाद्या वेळी थेंब सुटला आणि तिला त्याचं काही वाटत नसेल, तर तिला रुग्ण ठरवण्याचा अधिकार कोणाला नाही. त्रास वाटणं-न वाटणं तिचं तिने ठरवावं. ते ठरवताना उपाय असल्याची माहिती मात्र तिच्याकडे हवी. दुसरा आक्षेप शस्त्रक्रियांचा. दाबाच्या त्रासासाठी कृत्रिम जाळीची पट्टी बसवण्याची शस्त्रक्रिया जगभर झाली, अनेकींना तिचा गुणही आला. पण काहींना असह्य वेदना मागे राहिल्या आणि २०१८ साली इंग्लंडमध्ये या शस्त्रक्रियांना स्थगिती द्यावी लागली. पुढे २०२० सालच्या चौकशी अहवालाने नमूद केलं, की बायकांच्या तक्रारी वर्षानुवर्षं कोणी मनावर घेतल्या नव्हत्या. या प्रकरणातून निघणारा धडा समज वाढवण्याच्या बाजूचाच आहे. आपला त्रास कोणत्या प्रकारचा, आधी काय करून पाहायचं आणि शस्त्रक्रियेत धोका किती, हे विचारू शकणारी बाई घाईच्या निर्णयाला सहज बळी पडत नाही.

तिसरा आक्षेप असा, की सगळं मोबाइलवर आहे. केगल व्यायामाचे हजार व्हिडिओ आहेत, ज्यांना हवं त्या पाहतील. इथे माहिती आणि समज यांतला फरक ध्यानात घ्यावा लागतो. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात ४७ स्त्रियांना हा व्यायाम फक्त तोंडी समजावून सांगितला आणि मग त्या तो कसा करतात हे यंत्राने तपासलं. निम्म्यांनाच तो नीट जमला. चौघींपैकी एक तर अशा रीतीने जोर लावत होती, की त्रास उलट वाढावा. कारण हे स्नायू दिसत नाहीत. आत आणि वर ओढायचं असतं, वायू अडवताना ओढतो तसं. पोट, मांड्या आणि कुल्ले सैल ठेवायचे, श्वास रोखायचा नाही. पुष्कळ जणी नेमक्या याच्या उलट, शौचाला जोर करावा तशा, खाली ढकलतात. ब्रिटनमधल्या मार्गदर्शक सूचनांनुसार एका वेळी निदान आठ आकुंचनं, दिवसातून तीन वेळा, निदान तीन महिने आणि तेही जाणकाराच्या देखरेखीखाली करायची असतात. पंधरा दिवस व्हिडिओ पाहून ‘केलं, काही फरक पडला नाही’ म्हणणाऱ्या बाईला मग जुनंच उत्तर अधिक खरं वाटू लागतं.

चौथा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. जिथे रक्तक्षय आहे, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी सगळ्यांपर्यंत पोचलेली नाही, तिथे लघवीच्या थेंबांना कोण विचारणार? पण यासाठी नवं खातं किंवा नवं रुग्णालय लागत नाही; बाई आरोग्यव्यवस्थेला जिथे आधीच भेटते, तिथे दोन प्रश्न जोडायचे आहेत. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात गरोदर बायका तपासणीला येतात. गरोदरपणात, त्रास सुरू होण्याआधीच, हे व्यायाम केले तर शेवटच्या महिन्यांत लघवी सुटण्याचा धोका बराच कमी होतो, असं चाचण्यांत दिसलं आहे. बाळंतपणानंतर आशाताई ठरलेल्या दिवशी घरी येतात, शेवटची भेट ४२व्या दिवशी. बाळाला दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या डोससाठी आणलं जातं, तेव्हा आई समोरच बसलेली असते. आपल्याकडे बाळंतिणीची बडदास्त कमी नसते. डिंकाचे आणि आळिवाचे लाडू, तेलमालिश, शेक, पोटाला पट्टा, सव्वा महिन्याची विश्रांती. पण पोट बांधून खालचे स्नायू बळकट होत नाहीत आणि लसीच्या कार्डावर आईच्या ओटीपोटासाठी रकाना नसतो. ‘खोकताना-शिंकताना लघवी सुटते का? घाई झाली की वाटेत होते का?’ एवढं त्या वेळी विचारायला मिनीटही लागत नाही. पन्नाशीच्या पुढे रक्तदाब-मधुमेहाच्या तपासणीला येणाऱ्या बाईलाही हेच दोन प्रश्न विचारता येतात.

प्रश्न तपासणाऱ्याकडून येण्यात मोठा अर्थ आहे. सगळ्यांनाच विचारलं जातं म्हटल्यावर बाईला धीर गोळा करावा लागत नाही, आणि ज्याअर्थी विचारतात त्याअर्थी यावर काहीतरी करता येत असणार, हेही तिला न सांगता कळतं. मात्र ‘हो’ म्हणणारीला पुढे कुठे पाठवायचं, हे आधी ठरलेलं हवं. व्यायाम हाताने तपासून शिकवू शकणारी नर्स किंवा फिजिओथेरपिस्ट निदान उपजिल्हा रुग्णालयात हवी, वहीचं पान वाचणारा डॉक्टर हवा आणि तीन महिन्यांनी पुन्हा बोलावण्याची पद्धत हवी. ती सोय नसताना नुसतं विचारलं, तर उत्तर देऊन रिकाम्या हाताने परतलेली बाई पुढच्या वेळी गप्प बसेल आणि आपल्या लेकीलाही तेच सांगेल. म्हणून जागृतीचा खर्च पोस्टरांवर करण्याआधी तो या प्रशिक्षणावर करावा. बाईने बोलावं ही अपेक्षा ठेवणाऱ्या व्यवस्थेने ऐकल्यानंतरच्या कामाची तयारी आधी करायला हवी.